बहात्तरचा दुष्काळ, खडी आणि रोजगार हमी : तुमच्या घरातलं कोण कामावर होतं?

माणदेशी_खडी
आमच्या गावचा (माण तालुका. पुढचं विचारू नका, लगेच पाहुणे निघतात) रस्ता परवा उकरला. जेसीबीनं डांबराचा थर काढला, तर खाली हातानं फोडलेली जुनी खडी. आई दारात उभी होती. म्हणाली, "ती आमची हाय."

बहात्तर सालची. थोरली बहीण बाभळीला टांगलेल्या झोळीत, आई आणि आत्या टोळीत. पगार किती मिळायचा ते आईला आठवत नाही, पण मुकादम माप घेताना पट्टी तिरकी धरायचा हे पक्कं आठवतं. त्याला अजून शिव्या देते.

पोरांना वाटतं रोजगार हमी दिल्लीहून आली. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, त्यांच्या डोक्यातली ही योजना. आपला कायदा १९७७ चा, दिल्लीचा २००५ चा. तुमच्या घरातलं कोण होतं? लिहा.

जत_पूर्व
मिलो!! (तेव्हाची ती परदेशी लाल ज्वारी.) एवढं लिहिलं तरी पुरे. ती लाल भाकरी थापता थापता तुटायची. आज्जी उकड काढून थापायची तरी तेच. आजोबा पाझर तलावावर होते. तलाव आहे अजून, पाणी नसतं ही गोष्ट वेगळी.

सुगरण_सांगली
दुष्काळी कामावर खायला द्यायचे त्या सुकडीत काय असायचं हो? तूप घालायचे का?

जत_पूर्व
तूप कुठलं बया. भाजलेलं पीठ, गोड. आमचे वडील अजून चवीनं आठवण काढतात, म्हणजे भूक किती असेल बघा.

मुकादमाचा_नातू
आमचे आजोबा मुकादम होते. बोला आता 😄

माणदेशी_खडी
पट्टी आणून दाखवा आधी. आईला फोटो पाठवतो.

काटेकोर
एक दुरुस्ती. बहात्तर-त्र्याहत्तरची बहुतेक कामं टंचाईची, म्हणजे दुष्काळी कामं होती. ती सरकारनं काढली तर निघायची. हमीत उलटं आहे. मजुरानं अर्ज केला की १५ दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारभत्ता. त्या दुष्काळात लाखो माणसं रस्त्यावर खडी फोडत होती, मोर्चे निघत होते, तेव्हा कुठे पागेंच्या योजनेला कायद्याचं बळ आलं. नुसत्या सद्बुद्धीनं झालं असं म्हणू नका. कायदा अमलात यायलाही २६ जानेवारी १९७९ उजाडला.

पुण्यातला_खटावकर
पगारपत्रकावर प्रोफेशन टॅक्सचे २०० रुपये कापतात बघा, फेब्रुवारीत ३००. तो कर १९७५ साली या योजनेसाठीच लावला होता. शहरातल्या नोकरदारानं गावच्या मजुराचा पगार द्यायचा. ऑफिसात हे सांगितलं तर एकाचं तोंड वाकडं झालं. त्याला म्हटलं, माझी आज्जी त्यातून जगली, तू चहा पी.

वाळवा_नदीकाठ
आम्ही ऊसवाले. दुष्काळात वरच्या अंगाची माणसं गुरं घेऊन आजोबांच्या वस्तीवर आली होती, वाढं (उसाचे शेंडे) मागत. आजोबांनी काहींना दिलं, काहींना नाही. आटपाडी आणि वाळवा एका जिल्ह्यात कुणी घातले देव जाणे.

काटेकोर
देव नाही, सरकार. १९४९ ला दक्षिण सातारा, १९६० ला नाव सांगली. आटपाडी त्याआधी औंध संस्थानात. औंधच्या राजानं १९३९ मध्येच गावांच्या हातात कारभार दिला होता, स्वातंत्र्याच्या आधी.

वाळवा_नदीकाठ
तुम्ही मास्तर का हो?

काटेकोर
निवृत्त.

निळी_पायवाट
सगळे एकत्र राबले, दुष्काळानं भेद मिटवला असं ऐकते नेहमी. आमच्या आईचं ऐका. टोळ्या गल्लीप्रमाणे पडायच्या. आमच्या वस्तीची टोळी लांबच्या टप्प्यावर, पाणी वरून ओंजळीत ओतायचे. फक्त मस्टरवर नाव सगळ्यांचं सारखंच लागायचं आणि पगार बाईच्या हातात यायचा. वाड्यावर राबलं तर ज्वारी मिळायची, ती पण मालकाच्या मनाला आली तर. हमीचं काम सुरू झाल्यावर आई वाड्यावर जायची बंद झाली. मालकांना ते किती लागलं असेल! "मजूर माजले" हे वाक्य तेव्हापासूनचं आहे, आजही ऐकू येतं.

पुण्यातला_खटावकर
ताई, हे आमच्या घरात कधीच कुणी बोललं नाही. आम्ही त्या वाड्याच्या बाजूचे.

गलाईवाला
वडील दोन महिने खडी फोडून थेट गलाईला (सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला) गेले. विटा-खानापूरची पोरं देशभर भट्ट्या टाकून बसलीत ती हौसेनं नाही. मी आता कोईमतूरला. गिऱ्हाईक आलंय, नंतर लिहितो

पाटणची_लेक
आमच्याकडचे मुंबईला, माथाडी. दर घरात एक. पाऊस मरणाचा, कोयनेचं धरण पण आमच्याच उरावर, तरी पोटासाठी मुंबई. धागा दुष्काळाचा आहे, सॉरी.

माणदेशी_खडी
सॉरी कशाला, लिहा. पोट सगळ्यांचंच.

सरपंचबाई
महिला राखीव जागेवर निवडून आलेय, फायली मीच वाचते (नवरा नाही, आधीच सांगते). आता खडी फोडायला कोण येत नाही. मागणी विहिरीला, गोठ्याला, फळबागेला. हजेरी मोबाईलवर फोटो काढून, आणि आमच्या माळावर रेंज नाही. मग चार बाया हात वर करून टेकडावर उभ्या. पट्टी तिरकी धरणारा बरा होता, त्याला निदान शिव्या देता येत होत्या.

दाळिंब_आटपाडी
फळबागेचं बरोबर. आमच्या पट्ट्यातली जुनी दाळिंबं बरीचशी १९९० च्या रोजगार हमीच्या फळबाग योजनेतली. खड्डे खणायची मजुरी सरकारनं दिली. आता टेंभू योजनेचं पाणी, कृष्णेचं, कराडकडून उचलून आणलेलं. दर इलेक्शनला प्रत्येक पुढारी म्हणतो पाणी मीच आणलं. वडील म्हणतात, आणलं असेल, पण तीस वर्षं कुठं अडलं होतं तेही त्यानंच सांगावं. बाकी दाळिंबाची तेल्या रोगानं वाट लावलीय, कुणाकडे फवारणीचं वेळापत्रक आहे का?

सुगरण_सांगली
मी सुकडी करून बघितली. मुलांनी खाल्ली नाही.

मुकादमाचा_नातू
पट्टी सापडली नाही. आज्जी म्हणते ती सरकारी होती, परत दिली. माणदेशी, आईंना सांगा.

माणदेशी_खडी
सांगितलं. म्हणते, "खोटं बोलतीया."

गलाईवाला
आलो. विट्यात पाऊस आहे का?

दाळिंब_आटपाडी
नुसतं आभाळ. वेळापत्रकाचं कुणीतरी बघा की राव.