प्रतिसाद: रीळ की रोटरी?

हिरवळ कापायच्या यंत्रांचे (लॉनमोवरचे) दोन प्रकार, रीळ आणि रोटरी. "धार चांगली असली की दोन्ही यंत्रं सारखीच कापतात" असं कुणीतरी लिहिलंय, ते रोटरीपुरतं ठीक आहे. रोटरीचं पातं आडवं, प्रचंड वेगात फिरतं आणि गवताला फटका मारून तोडतं. धार गेली की कापणं संपून फाडणं सुरू होतं. दोन दिवसांनी टोकं पांढरट-तपकिरी दिसतात ती त्यामुळेच, आणि माळी मात्र पाणी कमी पडलं म्हणून नळी सोडून बसतो. रीळवाल्या यंत्रात कात्रीसारखं काम चालतं: फिरती पाती गवत खालच्या स्थिर पात्यावर आणून कातरतात. एडविन बडिंगने १८३० साली इंग्लंडमध्ये याचं पेटंट घेतलं. कल्पना लोकरी कापडाची लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून आली होती.

म्हणून इथे धारेइतकंच महत्त्व दोन पात्यांमधल्या फटीला. आमच्या सोसायटीचा माळी वर्तमानपत्राची पट्टी मध्ये धरून रीळ हाताने हळूच फिरवतो (बोटं लांब ठेवून, अर्थात). कागद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वच्छ कापला गेला तर ठीक, कुठे नुसता दुमडला तर तिथला स्क्रू किंचित आवळायचा. फार आवळलं तर पाती एकमेकांवर घासून झिजतात आणि ढकलायलाही जड जातं.

रीळ जुनाट नाही, गोल्फच्या हिरवळी आजही त्यानेच कापतात. पण पावसाळ्यात वीतभर वाढलेल्या हरळीत ते नेऊ नका. उंच गवत कापलं न जाता आडवं होतं. तिथे आधी रोटरीच.