'धनशोधन' म्हणजे गुप्तधन शोधणं का?

अलर्टवाला: बँकेच्या एएमएल, म्हणजे मनी लाँडरिंग रोखणाऱ्या विभागात आहे. दिवसभर अलर्ट (संशयास्पद व्यवहारांचे इशारे) उघडायचे, खातेउतारा चाळायचा. शंका फिटली तर बंद, नाहीतर एसटीआरसाठी (संशयास्पद व्यवहाराचा अहवाल) वर. आता शाखांसाठी मराठीत दोन पानी टिपण मागितलंय. मनी लाँडरिंगला (गुन्ह्यातला पैसा सरळमार्गी भासवणं) 'धनशोधन' लिहिलं, तर रोखपाल बाई म्हणाल्या, "साहेब, कुणाच्या शेतात हंडा सापडला का?" शिवाय 'लेअरिंग' अडलंय. पैसा पाच-सहा खात्यांतून फिरवून माग पुसतात, त्याला काय म्हणावं?

तिरकी रेघ: धनशोधन हिंदीतून आलंय. 2002च्या कायद्याचं हिंदी नावच 'धन शोधन निवारण अधिनियम'. तिकडे संशोधन म्हणजे दुरुस्ती, आपल्याकडे पीएचडी! पेपरवाले लिहितात तसं 'पैशांची अफरातफर' लिहा.

जुनी वही: पेपरवाले चुकतात. अफरातफर म्हणजे ताब्यातली रक्कम खाणं. आमच्या पतपेढीत एकानं पिग्मीचे पैसे खाल्ले, ती अफरातफर. त्यानं ते धुतले नाहीत, उडवले.

मुद्रितशोधक: शोधनाला नावं ठेवाल तर माझ्या पोटावर येईल. मुद्रितशोधन म्हणजे मुद्रितं हुडकणं नव्हे. धातू 'शुध्', अर्थ स्वच्छ करणं. बाईंना एकदा समजावून सांगा की.

तिरकी रेघ: काउंटरवर धातू चालवणार? टोकन घेऊन?

मुद्रितशोधक: मग तुमची अफरातफर तरी कुठली मराठी? अरबी 'इफ्रात-तफ्रीत'. हिंदीत तिचा अर्थ नुसता गोंधळ.

चिंचेचं बुटुक: 'काळ्याचं पांढरं करणं' असताना एवढी मारामारी का?

अलर्टवाला: काळा म्हटलं की लोकांना कर चुकवलेलाच पैसा वाटतो. परवाचा अलर्ट (कुणाचा ते विचारू नका): कॉलेजच्या पोराचं खातं, सकाळी 11 पर्यंत अनोळखी लोकांचे यूपीआय धडाधड जमा, दुपारी एटीएममधून साफ. पैसा फसवणुकीचा, पोराला फक्त कमिशन. आम्ही 'म्यूल खातं' म्हणतो.

जुनी वही: भाड्याचं खातं म्हणा. आणि लेअरिंगला 'थर लावणं'.

चिंचेचं बुटुक: थर हंडी फोडायला लावतात हो, लपवायला नाही. 'फिरवाफिरवी' बरं. त्यानंतर, शेवटच्या टप्प्यात पैसा फ्लॅट, धंदा अशा रूपात उजळ माथ्यानं परत येतो ना? त्याला 'परीटघडीचा पैसा'!

तिरकी रेघ: बँकेच्या टिपणात जातीचं नाव? वा.

चिंचेचं बुटुक: परीटघडी ही इस्त्रीची घडी. जात कुठे आली?

मुद्रितशोधक: आली. व्यवसायावरूनच…

अलर्टवाला: टिपण बाईंना पुन्हा दाखवलं. म्हणाल्या, "लाँडरिंगच लिहा, आम्ही तेच म्हणतो. थर काढा. आणि 'तोडून भरणं' घाला." दहा लाखांवरच्या रोखीचा सीटीआर (रोख व्यवहाराचा अहवाल) जातो म्हणून लोक 9,80,000 भरतात, महिन्याभरातले जोडलेले भरणे मिळून दहाच्या वर गेले तरी तो जातोच, हे त्यांना ठाऊक नसतं. 'तोडून भरणं' मला सुचलं नव्हतं. लेअरिंगची जागा अजून कोरी आहे.

मुद्रितशोधक: 'भरणे' की 'भरणा'? अनेकवचन होतं का त्याचं?