खुनी आधीच कळला, तर रहस्यकथेत उरतं काय?

जुनाट वाचक:
शाळेत असताना तालुक्याच्या वाचनालयातून एक रहस्यकथा आणली होती. मुखपृष्ठावर पिस्तूल आणि तिसऱ्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं, 'कंपाउंडर खुनी आहे.' असा संताप झाला! तरी लाइट गेल्यावर चिमणी लावून पुस्तक संपवलं, मगच झोपलो. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. रहस्यकथा कुणी रहस्यासाठी वाचत नाही.

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. त्यातल्या किती गुन्हेगारांची नावं तुम्हाला आठवतात? आठवतात ते नायकच: झुंजार आठवतो, काळापहाड आठवतो, धनंजय-छोटू आठवतात. आर्थर कॉनन डॉयलने १८९३ साली आपल्या शेरलॉक होम्सला कड्यावरून ढकललं, तर वाचक असे खवळले की १९०३ साली त्याला परत आणावं लागलं. नुसती कोडीच हवी असती तर लोकांनी दुसरा कुणीही चालवून घेतला असता.

कोडेबाज:
साफ नामंजूर. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकाराने रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. गुप्त खोली किंवा भुयार एकाहून जास्त नको, जुळे भाऊ आयत्या वेळी उगवायला नकोत, डिटेक्टिव्हला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही. नॉक्स पाद्री होता, पण दहा आज्ञा याच्यासाठी लिहायला बसला! खेळ महत्त्वाचा असतो तिथेच नियम लागतात. अगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या कादंबरीवर 'ही फसवणूक आहे' अशी ओरड झाली (नाव घेत नाही, कुणाची मजा घालवायला नको). सगळे धागे पानावर उघडे होते, आपणच आंधळे. ती थप्पड खायलाच मी वाचतो.

जाता जाता, तो कंपाउंडर खरंच खुनी निघाला का?

जुनाट वाचक:
नियमांचं कौतुक मला सांगू नका. डॉयलची सापाची गोष्ट घ्या. (शेवट फोडतोय, पण १८९२ सालची आहे, एवढी सूट द्या.) भारतातून आणलेला साप घंटेच्या दोरीवरून पलंगावर उतरतो, शिट्टी ऐकून परत जातो आणि त्याला बशीत दूध मिळतं. साप दूध पीत नाही, हे आपले सर्पमित्र दर नागपंचमीला घसा फोडून सांगतात. त्याला बाहेरचे कानही नाहीत. गोष्टीत सापाची जी जात दिली आहे, ती तर अस्तित्वातच नाही. कोडं म्हणून शून्य मार्क! पण होम्स आणि वॉटसन त्या अंधाऱ्या खोलीत दिवा विझवून, श्वास रोखून बसतात, मग बारीक फुसफुस येते आणि होम्स काडी ओढून छडीने दोरीवर सपासप मारतो. ते पान मी आजही रात्री एकटा असताना वाचत नाही.

निवृत्त शिरस्तेदार:
तीस वर्षं फौजदारी कोर्टात काढली. तुम्हा दोघांचंही वाचून गंमत वाटते. तुमची गोष्ट अटकेशी संपते, आमचं काम तिथून सुरू होतं. पंचनाम्यावर सही करणारा पंच पिंजऱ्यात उभा राहतो आणि म्हणतो, 'साहेब, सही माझी आहे, पण कागद कोरा होता.' झाला फितूर. मग मुद्देमालाच्या पुडीचं लाखेचं सील तुटलेलं निघतं. संशयाचा फायदा, आरोपी घरी. दिवाणखान्यात सगळ्यांना बसवून डिटेक्टिव्ह भाषण ठोकतो, त्यातलं निम्मं आमच्याकडे पुराव्यात टिकणार नाही. पोलिसांसमोरचा कबुलीजबाबसुद्धा आरोपीविरुद्ध चालत नाही. न्याय झाल्याचं समाधान विकत घ्यायचं, एवढाच हा धंदा.

दुपारची झोप:
काका, तुमच्या कोर्टात ते मिळत नाही म्हणूनच इथे घेतो. पण न्याय म्हणजे शिक्षाच, हे कुणी सांगितलं? हंसाच्या पोटात रत्न लपवणाऱ्या चोराला होम्स सोडून देतो. बंगाली कथांतला ब्योमकेश स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवत नाही, 'सत्यान्वेषी' म्हणवतो. काळापहाड तर स्वतःच कायद्याच्या पलीकडचा.

आमच्या आजीच्या पाटल्या एका लग्नघरात गेल्या. कुणी नेल्या ते सगळ्यांना माहीत होतं, पण पाहुण्यांत वाईटपणा नको म्हणून कुणी तोंड उघडलं नाही. आजी आता रोज रात्री गुन्ह्यांची मालिका बघते. खुनी कोण ते सगळ्यांदेखत सांगितलं गेलं की 'हं' म्हणते आणि टीव्ही बंद करते. पुढे त्याला बेड्या घालतात की नाही, ते तिने आजवर एकदाही पाहिलेलं नाही.

निवृत्त शिरस्तेदार:
पाटल्यांचं वाचलं. फिर्याद कुणी दिलीच नसणार.

कोडेबाज:
जुनाटराव, कंपाउंडरचं राहिलं. शेवट ठाऊक असलेला पोरगा रात्री चिमणी लावून कशाला वाचत बसेल? आणि पेन्सिलवाल्याने खरं लिहिलं होतं, असं तुम्ही अजून एकदाही म्हणालेला नाहीत.

जुनाट वाचक:
नव्हता हो कंपाउंडर. साठाव्या पानावर त्याचाच खून झाला.

कोडेबाज:
म्हणजे उरलेलं पुस्तक खुनी कोण म्हणूनच वाचलंत!

जुनाट वाचक:
ते असू दे. मी पुस्तक परत करताना मागच्या चिठ्ठीवर माझ्या आधीच्या सभासदाचा क्रमांक पाहून ठेवला होता. तीन शनिवार वाचनालयात पेपर वाचायचं सोंग करून बसलो. आमचे मराठीचे सर निघाले.