मदत हवी आहे: औषध देऊनही मुलीचे जंत परत येतात

मुलगी पाच वर्षांची आहे. रात्री झोपेत शीच्या जागी खाजवते, रडत उठते. टॉर्च लावून पाहिलं तर पांढऱ्या दोऱ्यासारखे, जेमतेम सेंटिमीटरभर जंत वळवळताना दिसले. डॉक्टरांनी अल्बेंडाझोल दिलं, आराम पडला, पण काही आठवड्यांत पुन्हा तेच. शी तपासून घेतली तर रिपोर्टमध्ये काहीच नाही!

सासूबाई म्हणतात, गोड बंद कर, वावडिंग दे. शेजारच्या काकूंना गल्लीतल्या कुत्र्यांचा संशय आहे. हे जंत नक्की येतात कुठून? औषध घरातल्या सगळ्यांनी घ्यायचं का? जाऊबाई गरोदर आहेत, त्यांचं काय? झोप नसल्यामुळे पोर दिवसभर किरकिरते, बघवत नाही. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, वर्णनावरून हे सूत्रकृमी वाटतात. गोड खाऊन जंत होत नाहीत आणि हा जंत कुत्र्याकडून येत नाही, माणसाकडूनच माणसाला लागतो. मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन हजारो अंडी घालते, म्हणून खाज. खाजवलं की अंडी नखांत, तिथून तोंडात, चादरीवर, भावंडांच्या हाताला. काही तासांतच ती लागण करण्याजोगी होतात आणि घरात दोन-तीन आठवडे टिकतात. मोठ्या गोल जंतांची अंडी आधी मातीत पिकावी लागतात, अंकुशकृमी अनवाणी पायातून शिरतो. सूत्रकृमीला मात्र मातीची गरजच नाही.

अंडी बाहेर घातली जात असल्यामुळे शीच्या तपासणीत बहुधा सापडत नाहीत. सकाळी उठल्याबरोबर, धुण्याआधी, त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती लॅबमध्ये दाखवतात. डॉक्टरांना तसं विचारा.

परत का येतात, तर गोळी जंत मारते, अंडी मारेलच असं नाही. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो आणि घरातल्यांनी एकाच वेळी घ्यायचा. डॉक्टरांना विचारूनच, कारण दोन वर्षांखालच्या बाळांचा डोस वेगळा असतो. शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनाला मिळणारी ४०० मिलिग्रॅमची गोळी चांगलीच आहे, पण तिथे दोन आठवड्यांनी दुसरा डोस मिळत नाही. जाऊबाईंनी मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काहीही घेऊ नये, पहिल्या तीन महिन्यांत तर नाहीच.

नखं बारीक कापा. सकाळी उठल्या उठल्या मुलीला अंघोळ घाला, चड्डी रोज बदला. गोळीच्या दुसऱ्या दिवशी चादरी, उशांचे अभ्रे न झटकता गोळा करून गरम पाण्यात धुवा. झटकलं की अंडी खोलीभर पसरतात.