वॉल्टर ब्रेनन यांचे म्हातारे एकमेकांसारखे का वाटत नाहीत?

कृष्णाकाठ, सांगली
आमच्या हौशी नाट्यसंस्थेत वृद्धांच्या भूमिका बहुधा माझ्याकडेच येतात आणि पाठीचा बाक, थरथरता हात व घोगरा आवाज यांचा माझा एक साचा होऊ लागला आहे. सध्या देवलांच्या ‘शारदे’तील भुजंगनाथाची तालीम सुरू असल्यामुळे हॉलिवूडचे चरित्र अभिनेते वॉल्टर ब्रेनन यांचे काम मी मुद्दाम पाहत आहे. त्यांचा जन्म १८९४ चा, म्हणजे ‘केंटकी’ (१९३८) आला तेव्हा ते अवघे ४४ वर्षांचे होते. तरीही त्यातील म्हातारा खरा वाटतो आणि पुढच्या चित्रपटातला म्हातारा त्याच्यासारखा वाटत नाही. हे त्यांनी कसे साधले असावे, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

विश्रामबाग
बाह्य रूपापुरते बोलायचे तर त्यांना एका दुर्घटनेने हात दिला. अपघातात त्यांचे बरेच दात गेले होते आणि कवळी काढली की गाल बसून चेहरा एकदम वयस्कर दिसे. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स सांगत असत की ‘बार्बरी कोस्ट’च्या (१९३५) भूमिकेसाठी आलेल्या ब्रेनन यांनी प्रथम विचारले ते हेच, की दात लावून करू की काढून? पुढे हॉक्स यांच्याच ‘रेड रिव्हर’मध्ये (१९४८) त्यांनी साकारलेला स्वयंपाकी पत्त्यांच्या डावात आपल्या कवळीवरचा हक्क हरतो आणि जेवणाच्या वेळी ती त्याला मागून घ्यावी लागते.

पण कवळी काढून वय दाखवता येते, माणूस नव्हे. त्यासाठी आपण ‘द वेस्टर्नर’ (१९४०) अवश्य पाहावा. त्यातील न्यायाधीश रॉय बीन आपल्या गुत्त्यातच न्यायालय भरवतो आणि बेधडक फाशी सुनावतो. मात्र लिली लँग्ट्री या नटीचे नाव निघाले की त्याचे सारे भान हरपते. घोडेचोरीचा आळ आलेला नायक, म्हणजे गॅरी कूपर, तिच्या केसांची बट मिळवून देण्याचे आमिष दाखवून आपली फाशी लांबणीवर टाकतो. ज्याच्या धाकाने गाव थरथरते, तोच त्या बटेसाठी आर्जवे करतो, हे ब्रेनन यांनी फार बारकाईने दाखवले आहे. अखेरीस लिलीला पाहण्यासाठी नाट्यगृहाची सगळी तिकिटे विकत घेऊन तो एकटाच बसतो आणि पडदा उघडतो तेव्हा समोर कूपर उभा असतो. या भूमिकेत वयाच्या आधी हव्यास दिसतो. भुजंगनाथाचेही मर्म मला तेथेच वाटते: तो म्हातारा आहे हे प्रेक्षकाला आपोआप कळते, त्याला लग्नाची किती घाई आहे हे मात्र नटाने दाखवावे लागते.

मिरजेचा वाचक
जॉन फोर्ड यांच्या ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’मधील (१९४६) क्लँटनची येथे भर घालावीशी वाटते. ब्रेनन म्हटले की विनोदी, कुरकुरा, प्रेमळ म्हातारा आठवतो. येथे मात्र स्वतःच्या थोराड मुलांवर चाबूक उगारणारा थंड, निर्दय बाप आहे.

सहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर त्यांना तीनदा, म्हणजे १९३६, १९३८ आणि १९४० मधील भूमिकांसाठी मिळाले. त्यांतील ‘कम अँड गेट इट’चा पुरस्कार हा या विभागातील पहिलाच. त्या काळी गर्दीतील कलाकारांनाही मताधिकार होता आणि ब्रेनन स्वतः १९२० च्या दशकात त्याच गर्दीतून वर आल्यामुळे ती मते त्यांना मिळाली, असे अनेकदा म्हटले जाते. तसे असले तरी त्यात कमीपणा नाही. रोजंदारीवर उभे राहणाऱ्यांनी आपल्यातल्या माणसाची कारागिरी ओळखली, असेच मी म्हणेन. रॉय बीनच्या पुरस्काराबद्दल तर माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

अजिंक्यतारा, सातारा
आपल्याला साचा मोडायचा असल्यामुळे हॉक्स यांचेच ‘टू हॅव अँड हॅव नॉट’ (१९४४) आणि ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) लागोपाठ पाहावेत. दोन्हींत ब्रेनन नायकाचे सोबती आहेत, पण पहिल्यातला एडी दारूच्या आशेने मागे मागे फिरतो, तर दुसऱ्यातला लंगडा स्टम्पी तुरुंगाच्या दारावर बंदूक घेऊन बसतो आणि आपली कोणी कदर करत नाही म्हणून सतत कुरकुरतो. पहिल्या वेळी आवाज बंद ठेवून फक्त चाल पाहावी.