नववीच्या मुलांसोबत रोबोट बनवायला सुरुवात कशी करावी?

प्रश्न : विज्ञान शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर

मी एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नववीतील आठ मुलामुलींना रोबोट बनवायचा आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास आणि एकूण ८,००० रुपये एवढेच आमच्या हाती आहे. गेल्या वर्षी आम्ही तयार किट आणले होते. सोबतच्या पत्रकातील चित्रे पाहून मुलांनी ते एका दुपारीत जोडले, गाडी चालली, टाळ्याही वाजल्या. परंतु महिनाभराने डावे चाक फिरेनासे झाले, तेव्हा दोष मोटरमध्ये आहे, वायरमध्ये आहे की प्रोग्रॅममध्ये, हे मुलांना काय, मलाही सांगता आले नाही. ती गाडी आजही कपाटात पडून आहे. या वेळी मुलांना निदान स्वतः दोष शोधता यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. प्रारंभ कशापासून करावा आणि प्रोग्रॅमिंग आधी शिकवावे की नंतर, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : तंत्रनिकेतनातील निवृत्त अधिव्याख्याता

मॅडम, कपाटातील ती गाडी हेच तुमचे पहिले साहित्य आहे. नवीन काही घेण्यापूर्वी व्होल्टेज आणि वायरीची जोडणी तपासणारा एक साधा मल्टिमीटर घ्या आणि ती गाडी मुलांपुढे ठेवा. डाव्या मोटरच्या वायरी सोडवून ती थेट सेलना जोडा. फिरली तर मोटर शाबूत आहे. मग मोटर ड्रायव्हरवरच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या हुकुमानुसार मोटरला प्रवाह देणाऱ्या सर्किटवरच्या, डाव्या आणि उजव्या मोटरच्या वायरींची अदलाबदल करा. आता उजवे चाक थांबले, तर दोष ड्रायव्हरमध्ये, त्याच्या जोडणीत किंवा प्रोग्रॅममध्ये आहे. डावेच थांबून राहिले, तर मोटर किंवा तिची वायर पाहावी. असा एकेक भाग वगळत जाण्याची सवय लागली, तर पुढची निम्मी वाट सोपी होते.

त्यानंतरचे दोन-तीन शनिवार संगणक न उघडता काढावेत. दोन पिवळ्या बीओ (बॅटरीवर चालणाऱ्या) मोटर, प्लायवुडचा तुकडा, पुढे कोणत्याही दिशेला वळणारे एक कॅस्टर चाक, चार पेन्सिल सेल आणि एक स्विच, एवढ्यावर गाडी चालवता येते. मोटरच्या वायरी उलट केल्या की चाक उलटे फिरते, हे मुलांनी हाताने केलेले असले, म्हणजे पुढे ड्रायव्हर नेमके काय करतो ते वेगळे समजावावे लागत नाही.

प्रोग्रॅम भरून गाडीला हुकूम देणाऱ्या आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डाच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह घ्यावा, असा संकेत आहे. छोट्या मोटरला त्याच्या कितीतरी पट लागतो आणि चाक अडकले तर तो आणखी वाढतो. म्हणून बोर्डाने केवळ हुकूम द्यायचा आणि मोटरला लागणारा प्रवाह ड्रायव्हरने सेलकडून घ्यायचा. एल२९८एन हा ड्रायव्हर सर्वत्र मिळतो, मात्र तो स्वतःच सुमारे दीड ते दोन व्होल्ट खातो. चार सेलचे ६ व्होल्ट दिल्यावर मोटरपर्यंत चार-साडेचारच पोहोचतात आणि मुले मोटरला दोष देत बसतात. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी तर मोटरसाठी वापरूच नये. तिला एवढा प्रवाह पेलवत नाही, व्होल्टेज कोसळते आणि बोर्ड मध्येच पुन्हा सुरू होतो. मग चूक प्रोग्रॅममध्ये शोधली जाते. आणखी एक गोष्ट वहीत ठळक लिहून ठेवावी : बोर्ड, ड्रायव्हर आणि सेल यांचे ग्राउंड (ऋण टोक) एकमेकांना जोडलेले असलेच पाहिजे.

उत्तर : कारखानदार, शिवाजी उद्यमनगर

सरांनी विजेचे सांगितले, मी सांगाड्याचे सांगतो. गाडी एका बाजूला ओढते तेव्हा मुले वेग बदलत बसतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोन्ही मोटर एका रेषेत बसवलेल्या नसतात. आधी जाड पुठ्ठ्यावर आखणी करावी, काटकोन तपासावा आणि मगच प्लायवुड कापावे. सेलचे वजन चालणाऱ्या चाकांच्या जवळ ठेवावे. ते कॅस्टरवर गेले, तर चाके जागच्या जागी घसरतात. भोके पाडताना मोठ्या माणसाने जवळ थांबावे. आमच्या उद्यमनगरात ओळखीच्या वर्कशॉपमध्ये विचारले, तर ॲल्युमिनियम पट्टीचे तुकडे सहज मिळतील. मुलांनाही एकदा घेऊन या. लेथवर गोल काम कसे होते, हे पाहिलेल्या मुलाला आस आणि चाक यांचे नाते लवकर कळते.

उत्तर : अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, कसबा बावडा

सरांचे म्हणणे मला पटते, तथापि प्रोग्रॅमिंग इतके दिवस दूर ठेवू नये, असे मी नम्रपणे सुचवते. आठांपैकी दोघा-तिघांचा ओढा त्याकडेच असेल आणि त्यांचा उत्साह तोवर मावळेल. टिंकरकॅड या संकेतस्थळावर आर्डुइनोचे सर्किट संगणकावर विनामूल्य जोडून चालवून पाहता येते. त्यात काही जळत नाही.

पहिला सेन्सर म्हणून मी एचसी-एसआर०४ सुचवेन. तो श्राव्यातीत ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून अडथळ्याचे अंतर मोजतो. नववीच्या पुस्तकात प्रतिध्वनी आणि सोनार आहेच. अडथळा १ मीटरवर असेल, तर ध्वनी जाऊन परत यायला सुमारे ५.८ मिलिसेकंद लागतात. हे आधी कागदावर काढावे आणि मग पट्टी ठेवून ताडून पाहावे.

काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी त्यानंतर घ्यावी. तिचा सेन्सर अवरक्त किरण सोडून ते किती परत येतात यावरून काळे-पांढरे ओळखतो. आम्ही शाळेत असताना ती बंद खोलीत आठवडाभर अचूक चालवली होती, परंतु स्पर्धा भर उन्हाच्या मांडवात झाली आणि गाडी पहिल्याच वळणावर बाहेर गेली. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतात, हे आम्ही लक्षात घेतले नव्हते. म्हणून काळ्या व पांढऱ्या भागावरचे आकडे जागेवर जाऊन मोजावेत आणि काळे कुठे संपते व पांढरे कुठे सुरू होते ती मर्यादा त्यांवरूनच ठरवावी.

शेजारच्या एखाद्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहण्याची प्रयोगशाळा असेल, तर तेथील मुख्याध्यापकांशी अवश्य बोलावे. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने ही योजना आणली आहे.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. या शनिवारी कपाटातील गाडी काढली. वायरींची अदलाबदल करूनही डावेच चाक थांबून राहिले, तेव्हा एका मुलीने मल्टिमीटर लावून मोटरच्या तांब्याच्या पत्रीपाशी तुटलेली वायर शोधली आणि दुसऱ्याने माझ्यासमोर सोल्डरिंग केले. आता एक शंका आहे. एक मुलगा जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल आणून वापरू म्हणतो. ते चालतील का?

उत्तर : निवृत्त अधिव्याख्याता

नाही, मॅडम. ते लिथियम सेल आहेत. शॉर्ट झाले तर क्षणात प्रचंड प्रवाह सोडतात आणि पेट घेऊ शकतात. जुन्या सेलची आतली अवस्था बाहेरून कळत नाही, शिवाय त्यांना त्यांचाच चार्जर आणि संरक्षक सर्किट लागते. मुलाची कल्पना मोडीत काढू नका, कारण त्याला जास्त प्रवाह देणारे काहीतरी हवे आहे हे त्याने बरोबर ओळखले आहे. त्याला निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल पेन्सिल सेल द्या. प्रत्येकी १.२ व्होल्ट, म्हणजे ६ व्होल्टसाठी चार नव्हे, पाच लागतील. तेवढा होल्डर आधीच घेऊन ठेवा.