कंपनीशिवाय ग्रीन कार्ड: एनआयडब्ल्यू की ईबी-१ए?

प्रश्न: एच-१बीवर आहे, पीएचडी झालीय. कंपनी स्पॉन्सर करत नाही. आय-१४० (ग्रीन कार्डच्या वाटेवरचा अर्ज, एरवी कंपनी भरते) स्वतः भरता येतो का?

उत्तर: येतो, दोन्हींत: एनआयडब्ल्यू (ईबी-२ वर्गातली, राष्ट्रीय हितासाठी नोकरीच्या ऑफरची अट माफ करणारी वाट) आणि ईबी-१ए (असाधारण क्षमता असलेल्यांचा वर्ग). एनआयडब्ल्यू बहुतेकदा अडतो तो धनासर निकालाच्या (२०१६; एनआयडब्ल्यूचे निकष यात ठरले) पहिल्या निकषावर. लोक आपल्या क्षेत्राचं महत्त्व सांगत बसतात; दाखवायचं असतं ते तुम्ही करणार असलेल्या नेमक्या कामाचं राष्ट्रीय महत्त्व. ईटीए-९०८९ या श्रम खात्याच्या फॉर्मचं अपेंडिक्स ए आणि सही केलेलं फायनल डिटरमिनेशनही जोडा.

उत्तर: जन्म भारतातला असेल तर ईबी-२ची रांग फार लांब. म्हणून ईबी-१एचीही तयारी ठेवा: दहापैकी किमान तीन निकष, वर एकूण मूल्यमापन. मंजूर एनआयडब्ल्यूची प्रायॉरिटी डेट (रांगेतली तुमची जागा ठरवणारी तारीख) तिथे वापरता येते.

उत्तर: शिफारसपत्रं सगळी गाइडकडूनच नकोत. ज्यांनी तुमची पद्धत प्रत्यक्ष वापरली, अशा त्रयस्थांची जास्त वजनदार.